न नळाचा

सिंदेवाहीत नळ येतो पहाटे साडेचारला
आणि जातो मी पुरती जागी व्हायच्या आत.
पहिले आठ दिवस बादली अर्धीच.
घरमालकीण निकुरेबाई जिन्यातून म्हणाल्या,
"पान्याच्या आधी उठा लागते, बाई.
पानी कोनासाठी थांबत नाई."

खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वर मी.
सात खोकी अजून सुतळीत.
'स्वयंपाकघर' लिहिलेल्यातून परवा
निरंजनचे बूट निघाले.
ते दाराबाहेर ठेवलेत.
एकट्या बाईच्या दारात पुरुषाचे बूट असावेत,
आई फोनवर म्हणालीच होती.

अकरा वर्षं पुण्याच्या डेस्कवर
लांबून आलेल्या गावांचे काना-मात्रा नीट करत बसले.
आता मीच लांब.
तालुका प्रतिनिधी, नावाशिवाय.
रोज तीन बातम्या, एक फोटो.
वाघ दिसला.
वाघ पुन्हा दिसला.
राइस मिलचा कोंडा वर्गाच्या खिडकीतून आत.
इथे शाळेला शारा म्हणतात, डोळ्याला डोरा.
ऐकते र, लिहिते ळ.
हाताची खोड.

आणि निधन वार्ता. पन्नास शब्द, पासपोर्ट फोटो.
मंगळवारी एक पाठवली :
कवडू लोनबले, वय एक्याऐंशी,
चाळीस हंगाम नाटकाच्या मंडपात पडदा ओढला,
पश्चात तीन मुली.
बुधवारच्या अंकात
कडू लोणबले.

मधली मुलगी आली, वच्छला.
अंकाची सुरळी पदरात. बसली नाही.
"बाप माहा कडू नोहता."
मग उभ्या उभ्याच सांगितलं :
आजीची आधीची चार लेकरं गेली.
पाचवं झालं तेव्हा सुईणीला देऊन टाकलं
आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून
एका कवडीला विकत घेतलं,
मरणाला वाटावं, हे यांचं नाहीच.
"एक्यांशी वर्सं फसलं थे मरन.
आन तुमी एका रातीत नाव पुसलं."

मी पाणी दिलं. अर्ध्या बादलीतलं.
पिताना तिची नजर दाराकडे.
"सायब घरी हायेत?"
नाहीत, म्हटलं.
थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, नाहीतच.
तिने तांब्या खाली ठेवला.
"मंग बूट उन्हात ठेवू नोका. चामडं फाटते."

रात्री डेस्कला फोन.
नवीन मुलगा. आवाजावरून वाटलं,
माझ्याच खुर्चीत बसला असावा,
तिचं एक चाक कुरकुरतं.
"मॅडम, कवडू असं नाव असतं?"
असतं.
"आणि लोणबले? ण बाणाचाच ना?"

किती न मी बाणावर चढवले असतील.
किती माणसांच्या दारातून
तो अंक तसाच रद्दीत गेला असेल
कुणी भांडायला न येता.

न, म्हटलं. न नळाचा.
"शुद्ध वाटत नाही, मॅडम."
छाप.

दुरुस्ती आली. दोन ओळी, सातवं पान,
सोन्याच्या भावाखाली.
निकुरेबाई सांगत होत्या, वच्छलाने ती कापून
भाताच्या शिताने चिकटवली
जुन्या नावावर, बरोब्बर.
मी पाहायला गेले नाही.
काय म्हणून जायचं?

आज सव्वाचारलाच जाग आली, गजराविना.
नळात नुसती हवा खाकरत होती.
बादली लावली आणि उभी राहिले
अंधारात, एका हाताने तोटी धरून.
मग बूट आत आणले.
कोंडा साचला होता त्यांत, बोटभर.
झटकणार होते,
तेवढ्यात पाणी आलं.